पोट कोणत्या राज्यात?

दवनीवाड्याच्या काकाजींची अमेरिकेतली २६ राज्ये झाली. सत्ताविसाव्यावर वाद आहे.

वाद इलिनॉयचा आहे. पुढचे विमान मिळेपर्यंत काकाजी शिकागोच्या विमानतळावर पाच तास बसून होते. असे बसल्याने राज्य होते की नाही, यावर बसथांब्यावरच्या टपरीत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, पाय इलिनॉयला लागला, विषय संपला. दुसरा म्हणतो, पाय लागला तो गालिच्याला, आणि गालिचा कुठे विणला ते आधी दाखवा. काकाजींची बाजू अशी की विमानातून इमारतीत नेणाऱ्या बोगद्याला एक फट होती, फटीतून वारा आला आणि तो त्यांनी नाकाने आत घेतला. बाहेरची हवा छातीत गेली की राज्य धरायचे, असा तिकडच्या जाणकारांचा नियम असल्याचे ते शपथेवर सांगतात. टपरीवाल्याने यावर निकाल राखून ठेवला आहे. त्याची उधारी काकाजींकडेच जास्त असल्यामुळे तो लवकर लागेल असे दिसत नाही.

काकाजी तुमच्याही गावात असतील. नसतील तर पुढच्या विमानाने येतील. मुलाकडे सहा महिने राहून आले, सांगायला नातू सांभाळायला गेले होते, आणि दर शनिवार-रविवारी नातवाच्या शेजारी पट्ट्याने बांधून गाडीत बसवले गेले. पूर्वी अमेरिकेहून आलेला माणूस तिथल्या रस्त्यांवर बोलायचा, मग स्वच्छतेवर, मग तिकडे कोणी हॉर्न वाजवत नाही यावर, आणि आपण चहा थंड होईपर्यंत मान हलवायचो. त्या दिवसांची आठवण यावी अशी पाळी आली आहे. कारण आता नुसता आकडा सांगतात. डेलावेअर कसे होते हो काकाजी? झाले. व्हर्जिनिया? झाले. वेस्ट व्हर्जिनिया? ते वेगळे राज्य आहे, तेही झाले.

डेलावेअर कसे झाले, तेही ऐका. ९५ क्रमांकाचा महामार्ग त्या राज्यातून जेमतेम २३ मैल जातो. टोलनाक्याच्या रांगेत गाडी थांबली, काकाजींनी दार उघडले, डावा पाय डांबरावर टेकवला, पाय आत घेतला, दार लावले. अमेरिकेच्या राज्यघटनेला १७८७ साली सगळ्यांच्या आधी मान्यता देणारे राज्य ते. त्याच्या वाट्याला एक पाय आला, तोही मोज्यातला.

ऱ्होड आयलंड जेवणानंतर सुरू करून चहाच्या आत संपवले. याचे त्यांना मोठे कौतुक. आता ऱ्होड आयलंड, त्यातले खाडीचे पाणी धरूनही, साधारण चार हजार चौरस किलोमीटर. आपला गोंदिया जिल्हा पाच हजारांच्या वर आहे. तिकडच्या नियमाने चाललो तर जिल्ह्याला स्वतंत्र गव्हर्नर आणि वर दोन सिनेटर मिळायला हवेत. पण एवढ्या मोठ्या राज्यातले कचारगड काकाजींनी अजून पाहिलेले नाही. हाजरा फॉलला म्हणे गर्दी फार असते.

पण हे सगळे फुटकळ. खरा विषय फोटोचा आहे.

फोटो त्यांच्या बैठकीत आहे, देवांच्या तसबिरींच्या वर. अमेरिकेत एक जागा आहे, फोर कॉर्नर्स. युटा, कोलोरॅडो, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही चार राज्ये तिथे एका बिंदूत भिडतात. नवाजो लोकांच्या मुलखात, चहूकडे उजाड माळ, मध्ये फरसबंदी, फरसबंदीत एक ब्राँझची चकती. माणशी डॉलर मोजून आत जायचे, उन्हात रांग लावायची आणि नंबर आला की चकतीवर चारी हातपाय टेकायचे. उत्तरेकडे तोंड केले की डावा हात युटात, उजवा कोलोरॅडोत, डावा पाय ॲरिझोनात, उजवा न्यू मेक्सिकोत. एका क्लिकमध्ये चार राज्ये. फोटोत काकाजी अगदी तसेच आहेत. अंगात सुनेने घेऊन दिलेली फुलाफुलांची बर्मुडा, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर जबाबदारी. ज्या माणसाने गुडघे दुखतात म्हणून गेली कित्येक वर्षे पंगतीत मांडी घातली नाही, तो चार राज्यांवर रांगतो आहे.

माझा प्रश्न साधा आहे. पोट कोणत्या राज्यात आहे?

हातपायांचा हिशेब स्वच्छ आहे, त्यावर कोणी हरकत घेऊ नये. पण काकाजींचे पोट नेमके चकतीवर आले आहे, आणि ते लहान नाही. सदऱ्याचे दुसरे बटण कोलोरॅडोत मानले तर चौथे न्यू मेक्सिकोत जाते आणि तिसरे तुटलेले आहे. बरे, तिकडे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, विक्रीकर वेगळा, गाडीच्या नंबरपाटीचा रंग वेगळा. समजा त्या क्षणी काकाजींना शिंक आली असती. सुरुवात युटात, शेवट कोलोरॅडोत, गुन्हा कुठे नोंदवायचा? समजा डाव्या पायाला मुंगी चावली, तर दवाखाना ॲरिझोनाचा. पण कळ पोहोचली डोक्यात, आणि डोके त्या वेळी युटाकडे झुकलेले. समजा आमच्याकडचा एखादा बाबू तिथे टेबल टाकून बसला आणि त्याने रहिवासी दाखला मागितला. चार अवयवांचे चार दाखले, प्रत्येकाला वेगळे प्रतिज्ञापत्र, प्रतिज्ञापत्रावर सही करायची उजव्या हाताने, म्हणजे ती कोलोरॅडोची सही, ती न्यू मेक्सिकोत चालणार नाही, तिथला साक्षांकित पाय आणा. आणि समजा हे सगळे जुळले, तरी रेशनचे काय? हाताला रेशन मिळत नाही, पायाला मिळत नाही. ते पोटाला मिळते. पोट कोणत्या राज्यात हे ठरत नाही तोवर कोणत्याच दुकानाचे यंत्र त्यांचा अंगठा घेणार नाही. मग माणूस चार राज्यांत उभा असून, म्हणजे रांगत असून, उपाशी राहील. हा प्रश्न मी त्यांना टपरीवर जाहीरपणे विचारला. ते म्हणाले, पोट त्या वेळी आत ओढले होते.

इथवर मी हसत होतो. आता पुढचे.

ती चकती चुकलेली आहे. १८७५ साली मोजणीदारांनी आकाशातले तारे बघत आणि जमिनीवर साखळ्या ओढत तिथे खूण पुरली. आजच्या उपग्रहाच्या काट्याने मोजले तर ती ठरल्या जागेच्या सुमारे १,८०० फूट पूर्वेला पडली, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्तच. २००९ साली हे वर्तमानपत्रांत आले आणि थोडा गोंधळ झाला. कागदावरच्या रेषेने बघाल तर काकाजींचे युटा बाद, ॲरिझोना बाद, डावी बाजू सगळीच पाण्यात. पण तिकडचा कायदा म्हणतो की एकदा खूण पुरली, राज्यांनी ती मानली, की सीमा तिथेच. उपग्रहाला काय म्हणायचे ते म्हणू दे. विषय बंद, दरवाजा चालू, तिकीट घ्या.

हे ऐकले आणि माझे डोके फिरले. अठराशे फूट! माझ्या बांधीचा धुरा दीड हात सरकला आहे. तारे बघून नाही, नांगराने सरकला आहे. शेजारी दर नांगरणीला वीतभर आत येतो आणि दर पोळ्याला माझ्या पाया पडतो. मोजणीचे पैसे भरले. मोजणीदार आले ते ऐन रोवणीत, बांधीत गुडघाभर पाणी. पाणी आटल्यावर येतो म्हणाले. पाणी आटले तेव्हा यंत्र दुसऱ्या तालुक्यात गेले होते. यंत्र आले तेव्हा साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, हद्दीचा दगड दाखवा. हद्दीचा दगड सापडला, पण तो नाल्यावर सापडला. कोणाची तरी सून त्यावर धुणे धूत होती आणि तो माहेरून आणल्यासारखा सोडायला तयार नव्हती. चार राज्यांनी मिळून अर्ध्या किलोमीटरवर पाणी सोडले आणि कोणी कोणाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली नाही. वर त्याच चुकीवर फरशी घालून तिकीट लावले! आमच्याकडे दीड हातासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला जात नाहीत, आणि ती चूक दुरुस्त करायला बसलेला माणूस जेवायला गेलेला असतो. माझ्या धुऱ्यावर मीही एक चकती बसवणार आहे. शेजाऱ्याने चारी हातपाय टेकावेत आणि माणशी दहा रुपये द्यावेत.

तीन राज्ये भिडतात अशी जागा आपल्याही जिल्ह्याच्या टोकाला आहे, हे काकाजींना माहीत आहे. सालेकशाच्या पलीकडे, जंगलात. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड. तिथे चकती नाही, झेंडे नाहीत, रांग नाही. तिथे जाऊन कोणी हातपाय टेकून फोटो काढत नाही, आणि काढू लागलाच तर बंदूकवाला जवान आधी हात वर करायला सांगेल.

राज्यांचाच हिशेब करायचा तर आमच्या मागच्या गल्लीतली आजी घ्या. माहेर इथले, सासर इथले, वय नव्वदीत. जन्मली तेव्हा हे गाव सीपी अँड बेरारमध्ये होते. १९५० साली ते मध्य प्रदेशात गेले, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेले आणि राजधानी एकदम हजारेक किलोमीटर लांब पळाली. १ मे १९६० ला महाराष्ट्र आला. मधल्या काळात आजीने अंगण ओलांडले ते फक्त विहिरीवर, शेतावर आणि नवरात्रात डोंगरगडला. जिल्हाही तिने दोनदा केला. भंडारा होताच, १ मे १९९९ ला गोंदिया झाला. विमान नाही, व्हिसा नाही, टोलनाका नाही. चार राज्ये, आणि चारही राज्यांत पोट कुठे आहे याबद्दल शंका नाही. पाचव्या विदर्भाचे तिकीट तिने काढून ठेवले आहे, पण ती गाडी आमच्या आठवणीपासून वेटिंगवरच आहे. मी तिला विचारले, आजी, एवढी राज्ये तू कशी केलीस? ती म्हणाली, "मी कोठी गेली बाबू? राजच येत-जात रायले."

काकाजींनी ही चार राज्ये धरायला साफ नकार दिला. कारण फोटो नाही.

एवढ्यावर मी त्यांना सोडलेही असते. पण मग अर्कान्सा निघाले.

अर्कान्सा त्यांनी टेक्सारकाना नावाच्या गावात केले. तिथले पोस्ट ऑफिस दोन राज्यांच्या रेषेवर बसले आहे. समोर रेषेवर उभे राहिले की एक पाय टेक्ससात, एक अर्कान्सात. फोटो झाला, दोन राज्ये झाली, काकाजी गाडीत बसले आणि मेम्फिसचा पूल येईपर्यंत झोपले. मध्ये अख्खे अर्कान्सा गेले. जुलै महिना होता, मुलाला चार जुलैची सुट्टी जोडून आली होती. आणि लिटल रॉक सोडल्यावर मेम्फिसच्या वाटेवर दोन्ही बाजूंना काय लागते, तर धान! अमेरिकेतला जवळजवळ निम्मा तांदूळ या एका राज्यात पिकतो. वळणावळणाचे बांध, बांधांत पाणी, पाण्यात हिरवेगार धान, नजर पोहोचेल तिथवर. तिकडे पऱ्हे टाकत नाहीत, रोवणी करत नाहीत, बाया कंबर मोडत नाहीत. यंत्राने पेरतात आणि रोप वर आले की पाणी सोडतात. विकताना बुशेलने विकतात, ४५ पौंडांचा एक, म्हणजे आपले वीस किलो. दवनीवाड्याचा माणूस सात समुद्र ओलांडून बरोबर धानाच्या बांधीत जाऊन पोहोचला, आणि घोरत होता. काचेपलीकडे त्याच्या आयुष्यात पाहिलेली सगळ्यांत मोठी बांधी चालली होती, आणि तो घोरत होता!

बातमी फुटली तशी टपरी भरली. दोन्ही तटांनी इलिनॉय बाजूला ठेवले. यंदा खरेदी केंद्रावर बारदाना नव्हता, मग बारदाना आला तेव्हा गोदामात जागा नव्हती, आणि हमीभाव कागदावर ठेवून लोकांनी व्यापाऱ्याच्या काट्यावर माल घातला. २०२४-२५ साली साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता; तो हाताला किती लागला, हे ज्याचे त्याला ठाऊक. त्यामुळे टपरीला तिकडचे रस्ते नको होते, स्वच्छता नको होती. पाणी कोण देते? बोरचे की कालव्याचे? वीज किती तास? कापल्यावर पैसे किती दिवसांत? काकाजींनी चष्मा पुसला. फोन काढला, बोटाने सरकवत राहिले, आणि शेवटी टेक्सारकानाचा फोटो सापडला तो सगळ्यांपुढे धरला. मागे पोस्ट ऑफिस, पुढे काकाजी, दोन्ही बाजूंना राज्यांची नावे लिहिलेली पाटी.

बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"त काकाजी," तो म्हणाला, "या पाटीवर भाव नाई का लिवला?"