पाच लाखांची उणीदुणी

"ऐकलं का? तेरावा बी झाला नव्हता, तवाच मुकादम उचलीची वही घिऊन दारात!"

जिजी भिंतीवर कोपर टेकून उभी राहिली की मी हातातलं भांडं खाली ठेवते. बीडच्या कडेला आमची दोन घरं, मध्ये कमरेएवढी भिंत. जिजीचं माहेर पाटोद्याकडचं, आणि तिचा सख्खा भाचा मुकादम. म्हणून तिची बातमी पक्की असते आणि बाजूही आधीच ठरलेली असते.

बातमी तिच्या माहेरच्या वाडीतली. तिशीचा पोरगा, नवराबायको दोघं ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेले, कर्नाटकात. मोळ्या भरलेली ट्रॉली रात्री उलटली, हा खाली सापडला. मागं बायको, चार वर्षांची लेक, म्हातारा-म्हातारी. आणि पाच लाखांची चर्चा.

"पाच लाख कोन देनार म्हनं? कारखाना?"

कारखाना नव्हे, मी म्हटलं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ. गाळलेल्या उसाच्या टनामागे 10 रुपये कारखान्यांनी द्यायचे, तेवढेच सरकारनं घालायचे, त्यातून हा निधी उभा राहायचा. अपघात विम्याची योजना 2024 ला निघाली. तोडणीवाला, वाहतूकवाला, मुकादम, सगळे तिच्यात धरलेले. माणसामागं 5 लाख. मोठी बैलजोडी गेली तर 1 लाख.

"बैलाचं बरं हाय बाई. मालक येकच. भांडन न्हाई, तंटा न्हाई."

हे मात्र जिजीनं बिनतोड सांगितलं.

इकडं भांडण सुरू झालं ते कागदांवरून. मुंडेसाहेबांच्या नावाची दुसरीही योजना आहे, शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान. ती तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तिथं मयतामागं 2 लाख. नाव तेच, म्हणून वाडीतल्या शहाण्यांनी ऊसतोडीचा अर्ज नेला कृषी कार्यालयात. तिथं सातबारा मागितला. सातबारा म्हाताऱ्याच्या नावावर. ती काही अडचण नव्हती, खातेदाराच्या घरातलं 10 ते 75 वर्षांचं एक माणूसही त्यात बसतं. पण 30 दिवसांत अर्ज हवा, आणि दिवस तर मृत्यूचा दाखला आणण्यातच गेले. मरण जिथं झालं तिथंच त्याची नोंद होते. म्हणजे दाखला कर्नाटकातला, पंचनामा कर्नाटकातला आणि अक्षरं कानडी.

"मंग कोन वाचनार त्यो? ग्रामसेवक?"

ग्रामसेवकानं हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत दिला. पुढं भाषांतर, त्यावर शिक्का, त्याचे पैसे वेगळे.

खरी उणीदुणी निघाली ती वारसावरून. सासू म्हणते, लेक माझा. सून म्हणते, नवरा माझा. म्हातारा म्हणतो, घरचा कर्ता मी, पैसे माझ्या खात्यात. जिजीचं मत म्हाताऱ्याकडं झुकलेलं, कारण सून "उद्या माहेरी गेली तर?" मी विचारलं, माहेरी गेली तर लेकरू सोडून जाईल का? जिजी गप्प. मग म्हणाली, "न्हाई म्हना. पन मानूस बोलतंच."

शेतकऱ्यांच्या त्या योजनेत वारसांचा क्रमच लावून दिलाय. आधी बायको, मग अविवाहित मुलगी, मग आई, मग मुलगा, मग बाप, आणि त्याच्याही खाली मयताची सून. लेकीचा नंबर लेकाच्या आधी, हे ऐकून जिजीनं पदर तोंडाला लावला. हिंदू वारसा कायदा, 1956 चा, वेगळं सांगतो. मृत्युपत्र नसलं तर बायको, लेकरं आणि आई एकाच वर्गात, सारख्या हिश्शाची. बाप त्या वर्गात नाही. म्हणजे योजनेच्या खिडकीत सासू तिसरी आणि कोर्टात सुनेच्या बरोबरीची. भांडणाला एवढी जागा सापडली की वकिलाला आणखी काय पाहिजे?

"आन् म्हातारा?"

म्हाताऱ्याचा नंबर ह्या दोघी आणि नात असेपर्यंत येत नाही.

"बया! अन् त्यो मिशीला पीळ दिऊन बसलाय पारावर!"

मुकादमाचं प्रकरण, मयतानं घेतलेली आगाऊ उचल त्या पाच लाखांतून वळती करायचं, मात्र जिजीला मिटवायचं नव्हतं. "मव्हा भाचा सांगतो, मुकादम बी कारखान्याच्या पैशाला बांधलेला आसतो. कोयता पळाला तर त्यानं रान इकायचं का?" म्हणणं अगदीच खोटं नाही. मुकादमही कारखान्याकडून उचल घेतो आणि टोळी फुटली की ते पैसे त्याच्या मानगुटीवर बसतात. पण त्याची तोडही आहे. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचे दर 34 टक्के वाढले, तेव्हा मुकादमाचं कमिशनही एका टक्क्यानं वाढलं. टोळीच्या कमाईत त्याचा वाटा आहेच. आता मयताच्या पैशातही वाटा मागायचा? मी भिंतीवर हात आपटून हे बोलले. जिजीनं विषय बदलला, म्हणजे पटलं असावं.

विषय बदलला तो असा. "समजा, ट्रॉलीखाली ती सापडली आसती तर?"

ह्याच प्रश्नाची मी वाट बघत होते. कोयता म्हणजे जोडपं. ऊस तोडायला दोघं, मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायला ती, पहाटे भाकरी टाकायलाही ती. वहीत नाव मात्र नवऱ्याचं, उचल त्याच्या अंगठ्यावर. 2019 ला नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी आली, त्यात 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे बायका मोजायच्या ठरवल्या तर मोजता येतात. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगारांची ओळखपत्रं निघतात ती माणसागणिक, बाईचं वेगळं निघतं. ते काढलेलं नसेल, तर ती तोडणीलाच गेली होती हे सिद्ध करायला टोळीतल्यांनी साक्ष द्यायची, आणि टोळी मुकादमाच्या हातात. नवरा गेला तर पैसे कुणाचे यावर घर भांडतं. बाई गेली तर आधी ती कामगार होती का, यावरच भांडण.

जिजी बराच वेळ काही बोलली नाही. तिचीही सून दरसाल जाते, लेकाबरोबर, सांगलीकडं.

"कारड कव्हा काढायचं आसतं गं? दसऱ्याच्या आधी का नंतर?"

आधी, मी म्हटलं. टोळ्या हलल्या की ग्रामसेवकही सापडत नाही. आधार, बँकेचं पुस्तक आणि फोटो सुनेचाच ने, लेकाचा नको.

"त्याचं काढलंय. दोगांचं येकच आसतंय आसं भाच्यानंच सांगितलं," जिजी म्हणाली, आणि भाच्याला फोन लावायला आत गेली. आवाज भिंतीपर्यंत येत होता, आणि भाच्याला बोलायला जागा मिळत नव्हती.