नाव सोनुबाई, हाती इरिडियमचा वाळा

तांब्याचा एक जुना गडवा. त्यावर म्हणे कधीतरी वीज पडली आणि तेव्हापासून तो तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढतो. कारण काय, तर विजेने त्याचं ‘कॉपर इरिडियम’ झालं. गिऱ्हाईक साक्षात नासा, किंमत हजारो कोटी. तुम्ही फक्त चाचणीचा खर्च भरायचा, शास्त्रज्ञांचं विमानभाडं भरायचं आणि किरणोत्सर्गापासून वाचवणाऱ्या पोशाखाचे पैसे द्यायचे. पोलिसांच्या भाषेत याला ‘राइस पुलर’ म्हणतात. २०१८ साली दिल्ली पोलिसांनी अशाच धंद्यात एका बाप-लेकाला धरलं. एका व्यापाऱ्याला १ कोटी ४३ लाखांना बुडवल्याचा आरोप होता.

तांब्याच्या अणूत २९ प्रोटॉन असतात, इरिडियमच्या ७७. मधले ४८ प्रोटॉन आकाशातून फुकट पडत असते, तर वीज कंपनीने त्याचंही बिल केव्हाच पाठवलं असतं. बाकी जादू सोपी आहे. दाण्यांत लोखंडाची बारीक तार, भांड्यात लोहचुंबक. खऱ्या इरिडियमपुढे अख्खं पोतं ओतलंत तरी एक दाणा हलणार नाही.

मला प्रश्न पडतो तो वेगळाच. या मंडळींनी इरिडियमच का निवडलं? आवर्त सारणीत शेजारच्या घरातलं ऑस्मियम का नाही?

दोघांचा जन्म एकाच गाळातला. १८०३ साली लंडनमध्ये स्मिथसन टेनंट यांनी प्लॅटिनमचं खनिज अम्लराजात विरघळवलं. सोन्यालाही विरघळवणाऱ्या त्या द्रवात तळाशी एक काळा चुरा मात्र तसाच राहिला. आधीच्या रसायनज्ञांनी तो ग्रॅफाइट समजून सोडून दिला होता. टेनंटनी त्यातून दोन नवे धातू काढले. एकाचे क्षार रंगीबेरंगी, म्हणून त्याला इंद्रधनुष्याच्या ग्रीक देवतेचं नाव मिळालं. दुसऱ्याच्या ऑक्साइडला उग्र दर्प, म्हणून त्याला वासाचं. इथेच बारसं फसलं.

गुणांत म्हणाल तर ऑस्मियम कुठेही कमी नाही. घनता २२.५९, इरिडियमची २२.५६. म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीएवढं ऑस्मियम उचलायला गेलात तर हाताला सव्वाअकरा किलो लागतील. दोघांत जड कोण यावर रसायनज्ञ अनेक दशकं भांडले आणि शेवटी स्फटिकांच्या क्ष-किरण मोजमापांनी दुसऱ्या दशांश स्थळावर निकाल लावला. वितळण्यातही ऑस्मियम पुढे, ३००० अंश सेल्सियसच्या वर. इरिडियम २४४६ अंशांनाच हार मानतं.

पण स्वभाव! इरिडियमला गंज नाही, आम्लाची भीती नाही, हवेशी वैर नाही. ऑस्मियमची पूड मात्र नुसत्या हवेत ठेवली तरी हळूहळू टेट्रॉक्साइड सोडत राहते. त्याची वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक. हाच विषारी पदार्थ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशींचे नमुने तयार करताना लागतो. पेशीतल्या स्निग्ध पदार्थांना तो घट्ट धरतो, म्हणून पेशींच्या आवरणाच्या रेघा काळ्याभोर उमटतात. पाठ्यपुस्तकात त्या चित्राखाली ऑस्मियमचं नाव कुणी वाचलं असेल तर हात वर करा.

इरिडियमला तोवर पॅरिसजवळ मानाची जागा मिळाली होती. १८८९ पासून जगाचा प्रमाण किलोग्रॅम म्हणजे ९० टक्के प्लॅटिनम आणि १० टक्के इरिडियमचा एक छोटा दंडगोल. त्याच्या प्रतिकृती देशोदेशी गेल्या, एक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही आहे. शतकभरात मूळ आणि प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला, तर वैज्ञानिकांची झोप उडाली. २०१९ साली दंडगोलाला निवृत्त करून किलोची व्याख्याच बदलली. आमच्या मंडईत किलोमागे पन्नास ग्रॅम मारणाऱ्याची झोप व्यवस्थित आहे.

ऑस्मियमने काय केलं? जगाला जेवायला घातलं, जवळजवळ. १९०९ साली जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन जुळवून अमोनिया बनवला तेव्हा उत्प्रेरक ऑस्मियम होतं. बीएएसएफ कंपनीने जगात मिळेल तेवढं ऑस्मियम विकत घेऊन ठेवलं. मग आल्विन मिटाश यांनी हजारो मिश्रणं तपासून स्वस्त लोखंडावर काम भागवलं आणि ऑस्मियमला नारळ दिला. आज आपला शेतकरी ज्या युरियासाठी दुकानापुढे उभा असतो, त्याच्या वंशावळीत पहिलं नाव हे. दिव्यातही तेच झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बल्बमध्ये ऑस्मियमची तार आली, पाठोपाठ टंगस्टन आलं आणि तार गेली. ‘ओसराम’ या नावाच्या पाटीवर पहिली दोन अक्षरं तेवढी उरली.

फाउंटन पेनचा मामला तर उघड अन्यायाचा. निबच्या टोकाला घासून झिजू नये म्हणून कठीण मिश्रधातूचा कण बसवतात. पूर्वी तो नैसर्गिक ऑस्मियम-इरिडियमचा असायचा. आता टंगस्टन, रुथेनियम, ऑस्मियम असं काहीबाही असतं. इरिडियम त्यात बहुधा नसतंच. निबवर कोरलेलं मात्र ‘इरिडियम पॉइंट’. वर्गात एकाने गृहपाठ करायचा आणि शाबासकी गैरहजर मुलाला.

सगळ्यात मोठा खटला डायनोसॉरच्या खुनाचा. १९८० साली अल्वारेझ बाप-लेकाने, म्हणजे नोबेलविजेते लुईस आणि भूवैज्ञानिक वॉल्टर यांनी, आपल्या सहकाऱ्यांसह जगासमोर मांडलं की इटलीतल्या गुब्बिओच्या खडकात ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम आजूबाजूपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. पृथ्वीच्या कवचात ते नगण्य, अशनींमध्ये भरपूर. तेव्हा मारेकरी आकाशातून आला. (बाप-लेकांचं आणि इरिडियमचं काहीतरी आहे. फरक इतकाच की या जोडीने चाचणीचा खर्च कुणाकडून आगाऊ घेतला नव्हता.)

दुसरा संशयित आपल्या अंगणातला. साधारण त्याच काळात दख्खनच्या ज्वालामुखींनी लाव्हाचे थरावर थर ओतले. आज ज्यांना आपण सह्याद्रीचे कडे म्हणतो आणि ज्यांच्यावर पावसाळ्यात सेल्फी काढताना घसरतो, ते त्याचेच. त्या उद्रेकांचा ठसा समुद्रतळाच्या गाळात कुणी जपला? ऑस्मियमने. त्याच्या समस्थानिकांचं प्रमाण मातीच्या त्या थराच्या आधीच बदलू लागलेलं दिसतं, आणि दख्खनचा लाव्हा केव्हा जोरात होता याचा अंदाज २००३ मध्ये त्यावरूनच बांधला गेला. म्हणजे सह्याद्रीच्या बाजूचा साक्षीदार हा, आणि माहितीपटात मुलाखत इरिडियमची.

नाव मोठं असलं की कंपन्याही भुलतात. मोटोरोलाच्या पुढाकाराने ७७ उपग्रहांची फोनसेवा आखली गेली. इरिडियमचा अणुक्रमांक ७७, म्हणून नाव तेच. पुढे ६६ उपग्रहांत भागेल असं ठरलं. ६६ क्रमांकाचं मूलद्रव्य डिस्प्रोसियम, पण त्या नावाने फोन कोण घेणार? नाव बदललं नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू, ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरी. भारतीय गुंतवणूकदारांच्या कंपनीने फसवणुकीची तक्रार केली ती आपल्या पुण्याच्या न्यायालयात. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती पुन्हा उभी केली आणि सांगितलं की गुन्हेगारी हेतू लागणाऱ्या गुन्ह्यातही कंपनीवर खटला चालू शकतो. आरोप खरा की खोटा हे त्या निकालात ठरलं नाही. पण इरिडियम आणि कलम ४२० यांची ओळख दिल्लीच्या त्या बाप-लेकाच्याही आधीची, हे कागदोपत्री झालं.

खरं इरिडियम या सगळ्यात मुकाट्याने राबतंय. किरणोत्सर्गी समस्थानिकं पुरवणाऱ्या वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेतून निघालेला इरिडियम-१९२ पाइपांच्या जोडकामातले दोष दाखवतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे ७४ दिवसांचं, म्हणून नवा स्रोत सारखा लागतो. हरित हायड्रोजन काढणाऱ्या एका प्रकारच्या यंत्रातही इरिडियम लागतं, आणि जगभरात वर्षाला निघतं जेमतेम सात-आठ टन, तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत. २०२१ मध्ये भाव औंसाला सहा हजार डॉलरवर गेला. त्या भावाने गडवा भरून इरिडियम कुणाकडे असतं, तर तो तुमच्या दारी चाचणीचा खर्च मागायला आला नसता.

आणि ऑस्मियम? त्यालाही अखेर दलाल भेटलेत. युरोपात हल्ली स्फटिकरूप ऑस्मियम दागिन्यांसाठी आणि गुंतवणुकीसाठी विकतात. स्फटिक पुडीसारखे विष सोडत नाहीत, वर निळसर झगमगतात. जगातला सर्वांत दुर्मीळ मौल्यवान धातू, नक्कल अशक्य, भाव चढणारच, अशी जाहिरात. परत विकायला गेलात तर घेणारं कोण, हा प्रश्न पत्रकात बारीक टायपात. आपल्याकडे फक्त कुणीतरी त्याला तांदूळ दाखवायचा बाकी आहे.