पडलेल्याचं पुढे काय झालं?

डब्ल्यूडब्ल्यूई बघत बसलेल्या पोराला ‘ते सगळं खोटं असतं’ असं सुनावणारा कोणीतरी पेडण्यातल्या प्रत्येक घरात सापडतो. हाच माणूस जत्रेच्या रात्री दशावतारी नाटकाला पहाटेपर्यंत जागतो. संकासुर मरणार हे त्याला आधीपासून ठाऊक असतं. आख्यान ठरलेलं, शेवट ठरलेला, मधले संवाद मात्र नटांनी उभ्या उभ्या रचायचे. अमेरिकन व्यावसायिक रेसलिंगही नेमकं असंच चालतं. कोण जिंकणार ते आत ठरतं, तिथपर्यंत कसं पोचायचं ते बरंचसं रिंगणात ठरतं. पाठीवर आपटल्यावर होणारी दुखापत मात्र खरीच असते.

त्यामुळे आमच्या हळर्ण गावातली पोरं हल्ली या रेसलरांचे माहितीपट बघतात याचा मला आनंद आहे. सामन्यांपेक्षा हे माहितीपट कितीतरी मोलाचे आहेत, कारण घंटा वाजल्यानंतर काय होतं ते तिथे दिसतं.

बॅरी ब्लॉस्टिनचा १९९९चा ‘बियॉन्ड द मॅट’ बघा. त्याच वर्षी जानेवारीत मिक फोली आणि रॉक यांचा सामना झाला. फोलीचे हात पाठीमागे बेड्यांनी जखडलेले, आणि रॉक त्याच्या डोक्यात लोखंडी खुर्ची घालतो आहे, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. कॅमेरा वळतो तो पहिल्या रांगेत बसलेल्या फोलीच्या बायकोकडे आणि लहान मुलांकडे. मुलं किंचाळून रडताहेत. पुढे दिग्दर्शक तेच चित्रण फोलीला त्याच्या घरी दाखवतो. इतका मार खाऊन उठणारा तो आडदांड गडी आपल्या मुलांचे चेहरे बघून खचतो. खोट्या खेळातलं याहून खरं काय दाखवायचं?

दुसरा १९९८चा, ब्रेट हार्टवरचा ‘रेसलिंग विथ शॅडोज’. ९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल. समोर शॉन मायकेल्स, दोघांचं हाडवैर. सामना कसा संपवायचा ते कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमॅहनने हार्टशी बोलून ठरवलं आणि ऐन वेळी हार्टने हार मानलेली नसताना घंटा वाजवायला लावली. हार्टने अंगावर माइक लपवला होता, म्हणून मालकाचा शब्द ध्वनिफितीवर राहिला. मागच्या बोळात हार्टची बायको ट्रिपल एच या रेसलरला जाब विचारते. तो मला काही माहीत नव्हतं म्हणतो. कटात सामील असल्याचं त्याने पुढे स्वतःच कबूल केलं.

आता आपल्याकडे या. आपल्या कुस्त्या खऱ्या, माती खरी, वैरंही खरी. आणि आपल्याकडे जपलेलं काय आहे? ‘काय कुस्ती झाली होती!’ असं म्हणणारे आजोबा. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी उभारलं, १९१२ साली ते सुरू झालं. एका शतकाहून जास्त काळ तिथे हलगी घुमते आहे. तिथल्या एखाद्या गाजलेल्या जोडीवर, दोन्ही बाजूंना बसवून, सहा भागांची मालिका का नसावी?

खाशाबा जाधवांची गोष्ट घ्या. गोळेश्वरचा हा पैलवान मातीतून थेट १९४८च्या लंडन ऑलिंपिकच्या मॅटवर गेला आणि सहावा आला. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवलं. तिथे कांस्यपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या शोहाची इशीकडून ते हरले आणि इशीने सुवर्ण नेलं. इशीच्या तोंडून ती कुस्ती ऐकायला मला किती आवडलं असतं! खाशाबा पोलीस खात्यात नोकरी करून निवृत्त झाले, १९८४मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर.

आणि वैर जुन्या काळातच होतं असं थोडंच आहे? २०२३च्या जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. २०२५च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला राक्षेने पंचाचा निर्णय मान्य न करता पंचालाच लाथ मारली. त्याच स्पर्धेची अंतिम लढत गायकवाड अर्धवट सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली, गदा पृथ्वीराज मोहोळकडे गेली. लाथेची क्लिप हळर्णात सगळ्यांनी पाहिली. खांदे टेकले होते की नव्हते, पंचाला त्याच्या जागेवरून काय दिसलं, वर्षानुवर्षांचा खुराक आणि मेहनत एका शिट्टीत गेल्यावर पैलवान तालमीत परतून काय करतो, हे कोणी विचारलं नाही. लाथ चूकच. पण दहा सेकंदांच्या क्लिपवर माणूस निकालात काढणं हीसुद्धा चूकच आहे.

आमच्या गावाला हे कळायला हवं. १७४६मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतवाडीकर भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला घेतला आणि तो ‘मार्किस ऑफ अलोर्ना’ झाला. आमच्या गावाचं नाव पदवी होऊन लिस्बनला गेलं. किल्ला राखताना जे पडले त्यांची नावं मला आजवर कोणी सांगितलेली नाहीत. जिंकणाऱ्याचंच लिहून ठेवलं की असं होतं.

पणजीत २००४पासून दरवर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. कॅमेरा शिकलेली पोरं पेडणे-डिचोलीत आहेत, कोल्हापूर घाटापलीकडे आहे. पैलवान गणपतराव आंदळकर २०१८मध्ये गेले, दादू चौगुले २०१९मध्ये, पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे २०२०मध्ये. त्यांच्याशी लढलेले, त्यांच्याकडून पडलेले म्हातारे पैलवान अजून गावागावांत आहेत. पोरांनो, पुढचा माहितीपट बघण्याआधी त्यांच्याकडे जा, आणि आधी हरलेल्याच्या घरी जा.