काखेतला कळसा

पुण्याचा भाचा मे महिन्यात यवतमाळला आला. पारा ४४ वर असताना आपखुशीने इथं येणाऱ्या माणसाकडे आम्ही आधी आदराने आणि मग संशयाने पाहतो. पठ्ठ्याने बॅगेतून काचेसारखी लखलखीत कांडी काढली. बुडाला बांबूची टोपी.

"मामा, डिओ सोडला मी. आता सगळं नॅचरल. केमिकल नाही, अ‍ॅल्युमिनियम नाही."

किंमत साडेतीनशे रुपये. मी चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. घटक एकच : पोटॅशियम अलम.

म्हणजे तुरटी! दाढी झाली की न्हावी ओल्या गालावर घासतो ती. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आई हंड्यात चार वेढे फिरवायची ती. किराण्याच्या दुकानात दहाच्या नोटेत मूठभर येते, बांबूची टोपी मात्र मिळत नाही. आणि तुरटी हे पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम या दोघांचं सल्फेट. वजनाचे साधारण ५.७ टक्के निव्वळ अ‍ॅल्युमिनियम. वेष्टनावर एकाचंच नाव छापलं, दुसरा आपोआप नाहीसा झाला. लग्नपत्रिकेत नको असलेल्या काकांचं नाव गाळतात तसं.

तुरटीवर माझा राग नाही. घामाला स्वतःचा वास नसतोच. काखेतले जंतू तो खातात आणि मग दरवळ सुटतो. तुरटी त्या जंतूंना जरा आवरते. घाम रोखणाऱ्या कांड्यांतलं अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच बसवतं, एवढाच फरक. त्याने स्तनांचा कर्करोग होतो, हा निरोप दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरतो. ठोस पुरावा अजून निघालेला नाही. भाच्याने तुरटीच्या आधी खाण्याचा सोडाही लावून पाहिला होता म्हणे. कातडी किंचित आम्ल, सोडा अल्कली. आठ दिवसांत काखेत पुरळ. भज्यांची वस्तू भज्यांतच शोभते.

काखेची लाज ही मुळात विकून रुजवलेली आहे. अमेरिकेत एका सर्जनने ऑपरेशनच्या वेळी हात कोरडे राहावेत म्हणून औषध केलं, लेकीने ते 'ओडोरोनो' नावाने काखेसाठी बाजारात आणलं. १९१९ साली जेम्स यंग नावाच्या जाहिरातवाल्याने बायकांना मासिकातून सुचवलं, तुमच्या काखेला वास येतो आणि तो तुम्हालाच कळत नाही. मासिकाच्या दोनेकशे वर्गणीदारांनी चिडून वर्गणी बंद केली. खप मात्र दणदणीत वाढला. आता शंभर वर्षांनी आधीच्या औषधाची भीती घालून पुढची कांडी विकतात. दुकान तेच, पाटी नवी.

'केमिकल' हा शब्द भाचा ज्या सहजतेने बोलून राहिला होता, ती आमच्या जिल्ह्याला परवडत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात इथं कपाशी डोक्याएवढी वाढली. पाठीवरच्या पंपाने फवारणी करताना औषधाचा फवारा तोंडावर यायचा, पंप पाठीवर गळायचा, घामाने चिकटलेल्या सदऱ्यातून ते अंगात मुरायचं. जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्या कीटकनाशकाच्या डब्यावरही बारीक अक्षर होतंच. ते वाचायला कुणाकडे चष्मा नव्हता.

असो. भाचा हे सगळं ऐकत होता तो चकचकीत पॉलिएस्टरच्या टी-शर्टमध्ये बसून. पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात, मामाच्या घरी! बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांना घाम निघेस्तोवर सायकल हाणायला लावली, अंगातले टी-शर्ट एक दिवस ठेवले आणि तयारीच्या नाकांना हुंगायला दिले. (पोटासाठी माणूस काय काय करतो.) सुतीपेक्षा पॉलिएस्टरचा वास जास्त घाण निघाला. आमच्या आजोबांनी हा प्रयोग न करताच बंडी घातली होती.

मी कपाटातली जुनी सुती बंडी काढून दिली आणि म्हटलं, आता आंघोळ कर.

"करतो की. नळ कधी येतो?"

हा प्रश्न यवतमाळात विचारायचा नसतो. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटत गेली आणि अख्खं शहर टँकरमागे धावलं. तेव्हा काखेत कळशी घेऊन गल्लीला वळसे घालणाऱ्या बायकांना कुणी नॅचरल म्हटलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात अंघोळ घमेल्यात उभं राहून होते; खाली साचलेलं पाणी संडासात ओततो. भाच्याला एक बादली दिली. दुसरी मागितली तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तांब्या खाली ठेवला.

नळ रात्री साडेतीनला आला. सकाळी भाचा बॅग उलटीपालटी करत होता.

"मामी, माझी कांडी पाहिली का?"

"ती होय? नळाला गढूळ पाणी आलं ना रे रात्री. धुण्याच्या ड्रममध्ये फिरवली. चांगली आहे, बसला सगळा गाळ खाली. केवढ्याला देतात पुण्यात?"