‘युनेम’वर विसंबणाऱ्या महाशयांस



तुमच्या लायब्ररीची बिल्ड स्क्रिप्ट दुरुस्त करून झाली. ती तुम्हीच लिहिलीत हे गिटच्या नोंदीत स्वच्छ दिसतं, तेव्हा हे पत्र तुम्हालाच.

सुरुवातीलाच तुम्ही ‘युनेम’ला विचारता, हे मशीन कोणतं? अहो, ते बांधणारं मशीन! लायब्ररी चालायची आहे रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यूवर. त्याची मेमरी अवघी ५१२ एमबी, म्हणून बांधकाम लॅपटॉपवर. आणि तुम्ही चौकशी करता लॅपटॉपचीच. नवरदेवाच्या अंगरख्यासाठी शिंप्याचंच माप घ्यावं, तसा हा प्रकार. फाइलीचं नावही त्याच उत्तरावरून ठरवता. लिनक्सवर बसून विंडोजसाठी बांधलं, तर डीएलएललासुद्धा ‘.एसओ’ हे शेपूट लागतं.

मेकफाइलमध्ये ‘सीसी’ असतं ते कंपाइलर बाहेरून देता यावा म्हणून. तुम्ही प्रत्येक नियमात ‘जीसीसी’ कोरून ठेवलंत. ‘एआर’ आणि ‘स्ट्रिप’चंही तेच. वर ‘-एल/यूएसआर/लिब’. तिथल्या फाइली पायच्या आर्म प्रोसेसरसाठीच्या नाहीत म्हणून लिंकर त्या वगळतो आणि अडतो. तो निदान ओरडतो तरी. खरा घात ‘-आय/यूएसआर/इन्क्लूड’ करतं. लॅपटॉपची हेडर्स गुपचूप आत शिरतात, कंपाइल बिनतक्रार होतं, आणि रचनांचे आकार जुळले नाहीत की प्रोग्रॅम कोसळतो तो थेट वापरणाऱ्याच्या हातात. अशी चूक शोधणाऱ्याच्या किती रात्री जातात, याचा विचार तुम्ही केला नाहीत, याचा मला संताप आहे.

तक्ते तयार करणारा तुमचा छोटा प्रोग्रॅम बांधकाम चालू असतानाच चालवावा लागतो. तो आर्मसाठी कंपाइल करून लॅपटॉपवर कसा चालेल? त्याला वेगळा, लॅपटॉपचाच कंपाइलर हवा.

यातलं काही नवं नाही. ऑटोकॉन्फ १९९१ पासून आहे. बांधणारं मशीन ‘बिल्ड’ आणि चालवणारं ‘होस्ट’, हा भेद त्यात स्पष्ट आहे. ‘पीकेजी-कॉन्फिग’लाही सिसरूट, म्हणजे चालवणाऱ्या मशीनची हेडर्स आणि लायब्ररी ठेवलेली डिरेक्टरी, सांगता येतो. तुम्ही मॅन्युअल उघडलं नाहीत, एवढंच.

पॅच पाठवला आहे. तो घ्या, आर्मसाठी बांधा आणि तयार लायब्ररीवर ‘फाइल’ कमांड चालवा. उत्तरात ‘एआर्च६४’ दिसेपर्यंत पुढची आवृत्ती काढू नका.