जागतिक

रत्नागिरीत वकिलांना आणि आंब्याच्या व्यापाऱ्यांना तोटा नाही. त्यांच्या खालोखाल आणखी एक जमात इथे सुखाने नांदते, पण तिची नोंद कुठल्याच जनगणनेत नाही. परदेशी सिनेमे बघणाऱ्या गृहस्थांची. दर आळीत असा एक तरी असतोच. आमच्या आळीतल्याला सगळे ‘जागतिक’ म्हणतात. मूळ आडनाव आता पोस्टमनपुरतं उरलंय. ‘जागतिक बाजारात दिसले’, ‘जागतिकांच्या नळाला दोन दिवस पाणी नाही’ अशी वाक्यं इथे कुणाच्या कानाला खटकत नाहीत. गृहस्थ निवृत्त झाले ते बँकेतून, त्यामुळे नवखा माणूस त्यांच्याशी उगाचच अदबीने वागतो.

या जमातीची दीक्षा पुण्यात होते. नोकरीत असताना जागतिकांनी रजा टाकून फिल्म अर्काइव्ह आणि फिल्म इन्स्टिट्यूटचा रसास्वादाचा अभ्यासक्रम केला. गेले तेव्हा त्यांना दिलीपकुमार आवडत असे. परतले ते दिलीपकुमारबद्दल ‘हं’ एवढंच म्हणायला लागले. अर्काइव्ह उभं करणारे पी. के. नायर अंधारात बसून वहीत टिपणं काढत, हे तिथे त्यांना कळलं. त्या दिवसापासून जागतिकही अंधारात टिपणं काढतात. नायरांची टिपणं त्यांना स्वतःला लागत असणार. जागतिकांच्या वह्यांत ओळीवर ओळ चढलेली असते, आणि सकाळी चष्मा लावूनही त्यांना त्यातलं ‘प्रकाश’ आणि ‘उत्तम’ एवढंच लागतं. अशा वह्यांनी भरलेली एक ट्रंक माळ्यावर आहे. वाळवीने ती वाचायला घेतलीय, असं काकू सांगतात.

त्यांचा बोलण्याचा एक ठरीव घाट आहे. आधी दिग्दर्शक, मग साल, मग उसासा. ‘क्लूझो. त्रेपन्न.’ एवढं बोलून ते समुद्राच्या दिशेला बघतात. समोरच्याने ‘कोण क्लूझो?’ म्हणावं, ही अपेक्षा असते. तसं कुणी विचारलंच, तर ‘वेजेस ऑफ फिअर’मधले ते दोन ट्रक, त्यांतलं नायट्रोग्लिसरीन आणि चार ड्रायव्हर भर रस्त्यात आपल्या अंगावर येतात. शेवटी ‘आपला एसटीवाला आंबा घाटात हेच रोज करतो, फक्त त्याला पारितोषिक नाही,’ असा समारोप होतो. ‘माहीत आहे’ म्हटलं तर मात्र गृहस्थ हिरमुसतात आणि पाणीपट्टीबद्दल बोलू लागतात.

रहस्यपट हा त्यांचा खास प्रांत. अचानक दचकवणं आणि उत्कंठा लावणं यांत फरक आहे, हे हिचकॉकने टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन समजावलं होतं. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर तो एकदाच दचकतो. ठाऊक असेल, आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत असतील, तर त्याचा जीव टांगणीला लागतो. जागतिकांनी बॉम्ब काढला आणि तिथे नारळ बसवला. ‘माडाखाली माणूस चहा पितोय. वरून नारळ पडला, तर तो अपघात. पण देठ सुटलाय हे आपण पाहिलंय, आणि हा बाबा दुसरा कप मागवतोय, तर तो हिचकॉक.’ ही उपपत्ती ऐकल्यापासून आमच्या आळीत कुणी माडाखाली दुसरा कप घेत नाही.

‘रिअर विंडो’ (1954) त्यांना आवडतो, पण त्याबद्दल एक तक्रारही आहे. पाय प्लास्टरात अडकलेला जेम्स स्टुअर्ट खिडकीत बसून शेजाऱ्यांवर पाळत ठेवतो आणि त्यातून खून उघडकीला येतो. ‘याला दुर्बीण लागली!’ जागतिक म्हणतात. ‘आम्ही ओटीवर बसून पिढ्यान् पिढ्या हेच करतो. ना दुर्बीण, ना पाय मोडलेला.’

पण घरातली खरी रहस्यभेदक आहेत काकू. ‘सायको’ (1960) अमेरिकेत लागला तेव्हा सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा हिचकॉकचा दंडक होता. काकू सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने आल्या, मांडीवर आठळ्यांचं सूप घेऊन. हिचकॉकने न्हाणीघरातल्या त्या पाऊण मिनिटासाठी सात दिवस चित्रण केलं, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं, हे सगळं जागतिकांनी आधीच दबक्या आवाजात सांगून ठेवलं होतं. पडद्यावर लॉजवाला पोरगा पाहुणीसाठी सँडविच आणि दूध घेऊन आला. आतून म्हातारीची बडबड ऐकू आली होती. काकूंनी आठळी सोलता सोलता विचारलं, ‘एवढी तोंडाळ आई, आणि परकी पोरगी दाराशी आली तरी बघायला खाली उतरली नाही? कुठली, कुणाची, काही विचारलं नाहीन? ती नाहीच हो. कधीच गेलीय.’ पुढचा तासभर जागतिक अंधारात काहीही न टिपता बसून होते.

‘डायबॉलिक’च्या (1955) वेळी त्यांनी खबरदारी घेतली. काकूंना माहेरी पाठवून सिनेमा लावला. मुख्याध्यापकाला बायको आणि त्याची मैत्रीण न्हाणीच्या टबात बुडवून मारतात, प्रेत पोहण्याच्या तलावात टाकतात, आणि तलाव उपसला तर आत प्रेत नाही! सिनेमा संपल्यावर पडद्यावर विनंती येते, की शेवट कुणाला सांगू नका. रत्नागिरीत अशी विनंती करणं म्हणजे काय, याची क्लूझोला कल्पना नसावी. काकू परतल्यावर जागतिकांनी फक्त सुरुवात सांगितली. काकूंनी पिशवी खाली ठेवायच्या आत निकाल दिला, ‘बाराव्या-तेराव्याचं कुणी नाव काढत नाही ना? मग मेलेलाच नाही तो.’

देशी रहस्यपटांकडे जागतिक वरून बघतात. अपवाद एकच, राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ (1964). मेलेली बायको कोर्टात समोर उभी राहते, ही जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरची गोष्ट. दोन वर्षांनी तिचाच हिंदीत ‘मेरा साया’ झाला. नायक काशीनाथ घाणेकर, म्हणजे चिपळूणचे. ‘रहस्य मराठीत जन्मलं, आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने निभावलं, आणि पैसा केला हिंदीवाल्यांनी,’ हे सांगताना जागतिकांचा आवाज वाटणीत विहीर गेलेल्या माणसासारखा होतो.

मध्यंतरी त्यांनी एका शाळेच्या सभागृहात फिल्म सोसायटी काढली. उद्घाटनाला डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (1948) ठेवला. नायकाचं काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी हा खराखुरा कारखान्यातला कामगार होता, हे प्रास्ताविकात सांगताना ते गहिवरले. सिनेमा संपल्यावर मागच्या रांगेतून एक अभिप्राय आला: ‘आपल्याकडे सायकल चोरून नेणार कुठे? मारुती मंदिराचा चढ चढवेपर्यंत चोर दमेल आणि परत आणून ठेवील.’ पुढच्या महिन्यात बर्गमनचा ‘सेव्हन्थ सील’ (1957). मृत्यू आणि सरदार बुद्धिबळ खेळतात, हे पत्रकात वाचून गावातले दोन पट्टीचे बुद्धिबळपटू आले. शेवटपर्यंत हलले नाहीत. बाहेर पडताना एक दुसऱ्याला म्हणाला, ‘वजीर फुकट घालवलान. मग मरणार नाही तर काय?’ बर्गमनवर याहून मोजकी टीका माझ्या वाचनात नाही. चौथ्या खेळाला सभासद फक्त शाळेचा रखवालदार होता, आणि त्याच्याकडे किल्ल्या होत्या.

सोसायटी बुडाली त्याचं जागतिकांना दुःख झालं, नवल वाटलं नाही. कोकणी माणसाला कुठलीच सार्वजनिक गोष्ट बुडाल्याचं नवल वाटत नाही. रत्नागिरीला परदेशी शोकनाट्याचं वावडं आहे, हे मात्र त्यांना मान्य नाही. ‘ब्रह्मदेशाचा थिबा राजा तीस वर्षं इथे कैदेत राहिला. समुद्राकडे तोंड करून राजवाडा बांधून दिला त्याला इंग्रजाने. 1916 साली इथेच गेला. याच्यापेक्षा मोठी परदेशी ट्रॅजेडी कुठल्या गावाने घरी ठेवून घेतली होती?’ या प्रश्नाला आजवर कुणाला उत्तर देता आलेलं नाही.

खरी गोम इथेच आहे. जागतिक जगभरचे सिनेमे बघतात, पण त्यांना त्या सगळ्यांत रत्नागिरीच दिसते. कुरोसावाचा ‘राशोमोन’ (1950) बघून जगभरचे पंडित सत्याच्या स्वरूपावर लिहीत बसले. एकाच खुनाच्या चार हकिकती, आणि चारही वेगळ्या. जागतिकांना त्यात अवघड काही वाटलं नाही. त्यांच्या चुलत्यांचा गडग्याचा दावा दिवाणी कोर्टात चालू आहे, त्यात तीन भावांच्या पाच जबान्या आहेत. त्या सिनेमातला पाऊस पडद्यावर दिसावा म्हणून पाण्यात शाई मिसळली होती, हे कळल्यावर त्यांना कुरोसावाची कीव आली. ‘वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो इथे. जुलैत यायचं होतं. शाईचे पैसे वाचले असते.’

फक्त ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’वर (1953) ते भाषण करत नाहीत. ओनोमिची नावाच्या बंदराच्या गावातले म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे जातात. मुलं कामात. मग आई-वडिलांची सोय म्हणून त्यांना आतामीला, समुद्रकाठच्या हॉटेलात धाडतात. आपुलकीने वागते ती फक्त विधवा सून. हा सिनेमा काकूंनी मधे एकदाही न बोलता पाहिला. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘आपल्याला नाही धाडलंन कुणी आतामीला. डोंबिवलीतच बसवलंन, टीव्हीसमोर.’

मे महिन्यात मुलगा आंबे न्यायला डोंबिवलीहून आला. वडिलांना बरं वाटावं म्हणून म्हणाला, ‘बाबा, तुमचा तो टोकियोवाला बघितला हां मी. गाडीत, मोबाइलवर. जरा संथ आहे, म्हणून दीडपट स्पीडने लावला.’

पडवीत शांतता पसरली. ओझूने दोन तास सोळा मिनिटं ज्यासाठी कॅमेरा जमिनीलगत ठेवला, ते सगळं मुलाने चिपळूण ते रत्नागिरी उरकलं होतं. जागतिकांनी पायरी कापत असलेली सुरी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि अगदी थंड आवाजात म्हणाले, ‘दीडपट? मग म्हातारी लवकर मेली असेल.’

मुलगा काही बोलायच्या आत माजघरातून काकूंचा आवाज आला, ‘म्हातारी जिवंत आहे अजून. पिठी-भात वाढलाय, तो मात्र साध्या स्पीडने जेवा दोघे.’