झाली का गं?

कुणाला दिवस गेल्याचं कळलं की बाकीचे तारीख विचारतात, डॉक्टर कोण ते विचारतात, डोहाळे कसले ते विचारतात. आमची मिरजेची आत्या विचारते, "पोट साफ होतंय ना तिचं?" आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत अभिनंदन राखून ठेवते.

तिला लाज नाही असं नाही. नवऱ्याचं नाव ती अजून घेत नाही. पण माझ्या बायकोच्या डोहाळजेवणात, फुलांची वाडी घालून धनुष्यबाण धरून बसलेल्या त्या बिचारीची ओटी भरता भरता तिनं विचारलंच, "आज झाली का गं?" बायकोनं मान खाली घातली. फोटोत काय सुंदर लाजलीय, असं सगळे म्हणतात.

शास्त्र मात्र पक्कं. "हार्मोन वाढलं की आतडी सुस्तावतात. अन्न रेंगाळतं, त्यातलं पाणी शोषलं जातं, मग खडा होतो. वरून गर्भाशयाचा दाब. आणि त्यात ती लाल गोळी!" ६० मिलिग्रॅम लोहाची ती सरकारी गोळी रोज एक, १८० दिवस. तिनं कोठा आणखी जड होतो, शी काळी होते. म्हणून गोळी सोडायची मात्र सोय नाही. "रक्त ती बघेल, पोट मी बघते."

आत्याच्या जगात पदार्थ दोनच प्रकारचे, सारक आणि कोंडणारे. भाकरी, मेथी, पेरू, रात्री भिजत घातलेल्या मनुका एकीकडे. मैद्याची बिस्किटं आणि माझ्या बायकोचा जीव की प्राण असलेला पाव दुसरीकडे. "कोंडा काढलेलं पीठ माणसाला कोंडतं," हे ती बेकरीत उभी राहून, बेकरीवाल्यादेखत म्हणते. इसबगोल चालतं, पण वर तांब्याभर पाणी प्यायचं, नाहीतर तेच आत गच्च बसतं. ती उभी राहून पाजते.

शेजारच्या काकूंनी एकदा एरंडेल सुचवलं. "सातव्या महिन्यात? आत्ताच कळा काढायच्यात का तिला?" मग सोनामुखीच्या चूर्णाचं नाव निघालं. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिमूटभरसुद्धा नाही!" काकू हल्ली आमच्याकडे फक्त हवापाण्यावर बोलतात.

मुक्कामाला आली तेव्हा तिनं माझ्या लग्नातला पाट कमोडपुढे नेऊन ठेवला. पाय त्यावर, गुडघे कमरेच्या वर. एवढ्यावर थांबली असती तर ती आत्या कसली! दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची. "कुंथू नकोस गं, मोड येतील! सावकाश होऊ दे." मला ऑफिसला उशीर होतोय, हे सांगायची टाप नव्हती.

मिरजेला परतल्यावर चौकशी घरच्या ग्रुपवर सुरू झाली. रोज सकाळी सुप्रभातच्या गुलाबाखाली, "झाली का?" बायको मुकाट्यानं अंगठा दाखवायची. एकदा पुण्याच्या चुलतभावानं अंगठा पाहून लिहिलं, "अभिनंदन! मुलगा की मुलगी?" दिवसभर पेढ्यांची चित्रं येत राहिली. आत्यानं खुलासा केला. सविस्तर.

मग दोन दिवस काहीच आलं नाही. आत्या नरसोबाच्या वाडीला गेली होती, फोन घरी विसरून. दुसऱ्या रात्री मनुका भिजत घालता घालता बायको म्हणाली, "आत्यांचं बरं आहे ना हो?"

मुलगी झाली. आत्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात हजर, पिशवीत पेरू. तेवढ्यात नर्स आली. पाळण्यात डोकावून म्हणाली, "बाळानं शी केली का? पहिल्या चोवीस तासांत व्हायला हवी." मग वही उघडून बायकोकडे वळली, "आणि तुमचं पोट साफ झालं का, ताई?"

आत्या उठली. स्वतःची खुर्ची नर्सपुढे सरकवली आणि विचारलं, "बस गं बाई. गाव कुठलं तुझं?"